चेक इंजिनचा दिवा लागलाय? आधी कोड वाचा, मग गॅरेज गाठा

डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनचा दिवा गाडीतल्या कॉम्प्युटरने लावलेला असतो, आणि का लावला याची नोंदही त्याने करून ठेवलेली असते. ती नोंद वाचायला मुठीत मावेल एवढे एक यंत्र आणि हातातला मोबाइल पुरतो. यंत्राची किंमत चार-पाचशे रुपयांपासून सुरू होते.

ज्यांनी आजवर वॉशरचे पाणी भरण्यापुरतेच बॉनेट उघडले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गाडी घरी दुरुस्त करायला शिकवणे हा यामागचा हेतू नाही. पण गॅरेजमध्ये "सेन्सर गेलाय, बदलावा लागेल" असे कोणी म्हटले की "कोणता कोड आला होता? बाकीचे आकडे काय दाखवत होते?" एवढे तरी मालकाला विचारता यायला हवे, असे मला फार वाटते. चांगला सेन्सर काढून नवा बसवला आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा लागला, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. अशा वेळी कोड बहुधा बरोबरच असतो. त्याचा अर्थ घाईने लावलेला असतो.

आधी दिव्याकडे नीट बघा

दिवा स्थिर पेटला आहे आणि गाडी नेहमीसारखी चालते आहे, तर घाबरायचे कारण नाही. घरी पोहोचा आणि सवडीने कोड वाचा. दिवा लुकलुकत असेल तर मात्र प्रकरण वेगळे आहे. इंजिन जोरात मिसिंग करते आहे (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही) आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, विषारी धूर कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे, असा त्याचा अर्थ. कन्व्हर्टर आतून वितळू शकतो, आणि तो गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या.

ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असेल तर कोड वगैरे नंतर. आधी इंजिन बंद करा.

तुमच्या गाडीत ही सोय आहे का

ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करण्याची पद्धत. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून तिची दुसरी आवृत्ती, ओबीडी-२, सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१ पासून आली. आपल्याकडे बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे धुराचे सरकारी निकष) गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर आले. म्हणून २०१३ नंतरची बीएस-४ किंवा बीएस-६ पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडी असेल तर पुढचे सगळे तुम्हाला लागू पडेल. २०१० ते २०१३ दरम्यानच्या गाड्यांत बऱ्याचदा जमते. त्याआधीच्या काही गाड्यांत यंत्र जोडायचे सोळा पिनांचे तोंड दिसते खरे, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते आणि स्वस्त यंत्राला ती कळत नाही. तिथे जुना जाणता मेकॅनिकच बरा.

बीएस-६ दुचाकींमध्येही ही पद्धत आली आहे, पण तिथले तोंड सहसा सहा पिनांचे असते आणि जोडायला वेगळी केबल लागते. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीचे कोड या साध्या यंत्राने वाचता येत नाहीत.

यंत्र कोणते घ्यावे

बाजारात ज्यावर ईएलएम ३२७ लिहिलेले असते ते घ्यायचे. हे मूळ चिपचे नाव. ती कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने बनवली होती. कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, आणि ऑनलाइन मिळणारा स्वस्त माल जवळजवळ सगळा नकलीच असतो. नकला चालतात, पण त्यांच्यात डावे-उजवे आहे. '२.१' असा आकडा मिरवणाऱ्या पुष्कळ नकलांमध्ये काही कमांड गाळलेल्या असतात. त्यामुळे एका गाडीला यंत्र जोडले जाते आणि दुसरीला नाही. '१.५' लिहिलेल्या नकला बहुधा जास्त गाड्यांशी जमवून घेतात, जरी मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. विकत घेताना आपल्याच मॉडेलच्या मालकाने लिहिलेला अभिप्राय शोधा आणि परत करण्याची सोय आहे का ते बघा.

अँड्रॉइड फोन असेल तर साधे ब्लूटूथचे यंत्र चालते. आयफोनला ते चालत नाही. त्यासाठी वाय-फायचे किंवा ब्लूटूथ एलई असे स्पष्ट लिहिलेले यंत्र घ्या. आयफोनवाल्यांचे पैसे बहुतेक वेळा इथेच वाया जातात.

ॲपमध्ये कार स्कॅनर हे एक नाव नवख्याला पुरेसे आहे. सुरुवातीला फुकटची आवृत्तीच वापरा. यंत्रासोबत सीडी किंवा क्यूआर कोडवरून एखादे अनोळखी ॲप टाकायला सांगितले असेल तर त्याच्या नादी लागू नका.

जोडणी

तोंड शोधा. ते ड्रायव्हरच्या हाताला येईल अशाच जागी असते. स्टिअरिंगखाली, गुडघ्यांच्या वरच्या बाजूला, फ्यूज बॉक्सच्या आसपास टॉर्च मारून बघा. आकार समलंब, म्हणजे एक बाजू रुंद आणि समोरची अरुंद, आत आठ-आठच्या दोन रांगा. काही गाड्यांत त्यावर छोटे झाकण असते आणि ते बोटाने निघते.

इग्निशन बंद ठेवून यंत्र सरळ दाबून बसवा. तिरके घालून जोर लावला तर पिना वाकतात. बसल्यावर यंत्रावरचा दिवा लागेल, कारण तोंडाच्या सोळाव्या पिनेला बॅटरीचा करंट कायम असतो. याच कारणाने काम झाले की यंत्र काढून ठेवायचे. गाडी पंधरा दिवस उभी राहिली आणि यंत्र आतच राहिले, तर आधीच थकलेली बॅटरी बसू शकते.

आता किल्ली 'ऑन'वर आणा, पण इंजिन सुरू करू नका. बटण स्टार्टच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण सहसा दोनदा दाबावे लागते. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत. त्यात चेक इंजिनचा दिवाही आहे ना, ते आत्ताच बघून ठेवा. त्याचा उपयोग लेखाच्या शेवटी आहे.

अँड्रॉइडमध्ये फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन यंत्र जोडा. पिन विचारला तर १२३४ किंवा ०००० टाकून बघा. ब्लूटूथ एलईचे यंत्र मात्र ॲपच्या आतूनच जोडायचे असते. वाय-फायचे यंत्र असेल तर फोन त्याच्या वाय-फायला जोडा आणि काम होईपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर फोन अधूनमधून नेटवर्क सोडून देतो. मग ॲपमध्ये आपले यंत्र निवडा आणि कनेक्ट करा. पहिल्या वेळी ॲप गाडीची भाषा ओळखत असते, त्यामुळे अर्धा-एक मिनिट जाऊ द्या.

कोड वाचा, आणि काहीही पुसू नका

ॲपमध्ये 'फॉल्ट कोड' किंवा 'डीटीसी' असा भाग असतो. तिथे तीन प्रकार दिसू शकतात. पक्के झालेले कोड, ज्यांच्यामुळे दिवा लागतो. पेंडिंग कोड, म्हणजे कॉम्प्युटरला एकदा शंका आली आहे पण खात्री झालेली नाही. पुष्कळ बिघाड सलग दोन फेऱ्यांत (इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद केली की एक फेरी) दिसले तरच दिवा लावतात. आणि नव्या गाड्यांत कायमचे कोड, जे ॲपने पुसता येत नाहीत. बिघाड गेला आहे हे गाडीला चालता चालता पटले की ते आपोआप जातात. तिन्ही प्रकार उघडा आणि प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घ्या.

लगेच 'फ्रीझ फ्रेम' उघडा. हा भाग बहुतेक जण बघतच नाहीत, आणि माझ्या मते कोडइतकाच तो मोलाचा आहे. कोड पक्का झाला त्या क्षणी इंजिनचे आरपीएम किती, वेग किती, पाण्याचे तापमान किती, इंजिनवर भार किती, हे कॉम्प्युटरने टिपून ठेवलेले असते. मिसिंगचा कोड ८०० आरपीएमला, शून्य वेगात आणि ३५ अंशांवर आला असेल, तर सकाळच्या थंड इंजिनचा तो त्रास आहे. तोच कोड ३,००० आरपीएमला, ८० टक्के भारावर आला असेल, तर घाट चढताना इंजिनला पुरेसे इंधन किंवा पुरेशी ठिणगी मिळत नव्हती. कोड एकच असला तरी तपासाची सुरुवात दोन्हीकडे निराळी होते.

कोड पुसला की ही नोंदही त्याच्याबरोबर जाते. "दिवा घालवून देतो, पुन्हा लागला तर बघू" असे म्हणून कोणी पुसायला लागले, तर आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो घ्या.

कोडची फोड

ॲपवर कोड इंग्रजी अक्षराने सुरू होतो आणि त्यापुढे चार खुणा असतात. इथे मी ते देवनागरीत लिहितो: पी०१७१.

पहिले अक्षर विभाग सांगते. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगची बाजू, बी म्हणजे बॉडी, एअरबॅग, एसी वगैरे, आणि यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचे आपापसातले बोलणे तुटले. दुसऱ्या जागी ० असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक असतो, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. पी१ ने सुरू होणारा कोड आला तर नुसता आकडा शोधू नका, गाडीचे नाव जोडून शोधा; दुसऱ्या कंपनीत त्याच आकड्याचा अर्थ भलताच असतो. तिसरी जागा पोटविभाग सांगते: १ आणि २ इंधन व हवा, ३ ठिणगी आणि मिसिंग, ४ धूर कमी करणारी यंत्रणा, ५ वेग आणि आयडलिंग, ६ कॉम्प्युटर स्वतः, ७ गिअरबॉक्स. शेवटचे दोन आकडे नेमका मुद्दा सांगतात.

पत्त्यातल्या पिनकोडसारखेच हे आहे. पिनकोड पत्राला पोस्ट ऑफिसपर्यंत आणतो, पुढे घर शोधावे लागते. पी०१७१ म्हणजे 'मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी'. याचे कारण फुटलेला हवेचा पाइप असेल, दमलेला पेट्रोल पंप असेल, कचरा बसलेला इंजेक्टर असेल किंवा सायलेन्सरच्या पुढच्या भागातली गळती असेल. कोडच्या वर्णनात ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) उल्लेख दिसला म्हणून सेन्सर खराब ठरत नाही. उलट, सेन्सर खरे बोलतो आहे म्हणून कोड आला, असेही असू शकते.

'बँक १' म्हणजे इंजिनची पहिल्या सिलिंडरची बाजू. आपल्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांत एकच बाजू असते, तेव्हा तिकडे लक्ष देऊ नका. 'सेन्सर १' म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर, 'सेन्सर २' नंतरचा. हा फरक मात्र लक्षात ठेवा, चुकीचा सेन्सर बदलण्याचे प्रकार इथेच होतात.

उणे चाळीस अंशांची गाडी

आमच्या सोसायटीतल्या एका हॅचबॅकचे उदाहरण सांगतो. सर्व्हिसिंग करून गाडी आली आणि दुसऱ्या दिवशी चेक इंजिन लागले. कोड पी०११३, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर, सिग्नल फार वर. फोनवर सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळाला होता.

ॲपमध्ये चालू आकडे उघडले. आत येणाऱ्या हवेचे तापमान: उणे ४०. भर मे महिना, जागा पुणे. हा आकडा पाहिला की विचार वायरिंगकडे गेला पाहिजे. या सेन्सरमध्ये तापमानानुसार विद्युतरोध बदलतो. थंडीत रोध वाढतो, उन्हात उतरतो. प्लग निघाला किंवा वायर तुटली की कॉम्प्युटरला रोध अमर्याद दिसतो आणि तो त्याचा अर्थ 'कडाक्याची थंडी' असा लावतो. बॉनेट उघडले तर एअर फिल्टरच्या डब्याजवळ दोन वायरींचा एक प्लग लोंबकळत होता. फिल्टर बदलताना काढलेला, परत लावायचा राहिलेला. तो 'टिक' आवाज येईपर्यंत दाबला आणि आकडा उणे ४० वरून ३८ वर आला.

ही युक्ती दोन वायरींच्या कोणत्याही तापमान सेन्सरला चालते, इंजिनच्या पाण्याच्या सेन्सरलाही. प्लग लावलेला असूनही उणे ४० दिसत असेल तर प्लग काढा आणि त्यातल्या दोन्ही टोकांना बारीक वायरने एकत्र जोडा. आकडा झटकन शंभराच्या वर गेला तर वायरिंग आणि कॉम्प्युटर ठणठणीत आहेत, सेन्सर बदला. हलला नाही तर वायर कुठेतरी तुटली आहे आणि नवा सेन्सर आणून काही होणार नाही. तीन किंवा जास्त वायरी असलेल्या सेन्सरवर हे करू नका, तिथे करंट येत असतो.

बॉनेट उघडा, डोळ्यांनी बघा

कोड कळल्यावर आकड्यांत शिरण्याआधी दहा मिनिटे नुसती पाहणी करा. इंजिन बंद आणि थंड हवे. कोडमध्ये ज्या भागाचे नाव आहे त्याचा प्लग नीट बसलाय का, आत हिरवट गंज किंवा पाणी आहे का, वायरीचे आवरण सोलले गेले आहे का. एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) रबरी पाइप हाताने वाकवून बघा; भेगा बहुधा खालच्या बाजूला, घड्यांमध्ये लपलेल्या असतात.

आपल्याकडे उंदीर हे वायरिंग बिघडण्याचे मोठे कारण आहे. गणपतीला किंवा मे महिन्यात मंडळी गावी जातात, गाडी पार्किंगमध्ये पडून राहते, आणि परत आल्यावर एकाच वेळी तीन-चार असंबद्ध कोड दिसतात. बॅटरीच्या ट्रेखाली, इंजिनच्या प्लॅस्टिक कव्हरखाली लेंड्या किंवा कुरतडलेल्या आवरणाचा भुगा दिसतो का ते बघा. पावसाळ्यात पाण्यातून गाडी घातली असेल तर खालच्या बाजूच्या ऑक्सिजन सेन्सरचे प्लग तपासून घ्या.

पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे प्लग एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका.

चालू आकडे: काय बघायचे

ॲपमधल्या 'लाइव्ह डेटा'त शेकडो ओळी असतात. नवख्याने पाच-सहाच बघाव्यात.

बॅटरीचे व्होल्टेज इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ असावे. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून क्षणभर खाली गेलेला आकडा पाहून निष्कर्ष काढू नका. पाण्याचे तापमान गरम इंजिनात बहुधा ८५ ते १०५ च्या दरम्यान राहते. अर्धा तास चालवूनही ते ७० च्या आसपासच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिनचे पाणी तापेपर्यंत अडवणारी झडप) उघडा अडकला आहे. असा बिघाड ॲव्हरेज गुपचूप खातो आणि त्याचा कोड पी०१२८ कधी कधी फार उशिरा येतो.

पेट्रोल गाडीत सर्वात बोलका आकडा म्हणजे फ्यूएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो, ते यात दिसते. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, ती सारखी हलत राहते. लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली दुरुस्ती. लाँग टर्म अधिक-उणे १० च्या आत असेल तर ठीक. अधिक २०-२५ कडे गेली की पी०१७१ ची वेळ होते. (पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते. इथेनॉल जळायला हवा कमी आणि द्रव जास्त लागतो, त्यामुळे जुन्या गाडीत हा आकडा थोडा अधिककडे झुकलेला दिसला तर तो बिघाड नव्हे.)

आता तपास. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला लाँग टर्म टिपा, मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून २,५०० आरपीएमवर रेस धरून टिपा. आयडलिंगला अधिक १८ आणि रेसवर अधिक ४ झाले, तर कुठूनतरी चोरटी हवा आत शिरते आहे. हवा कमी लागते तेव्हा त्या गळतीचा वाटा मोठा असतो, जास्त लागते तेव्हा तो नगण्य होतो. उलट रेसवर आणि चढावर आकडा वाढत गेला तर इंधन कमी पडते आहे: पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. हे गणित हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या इंजिनांत चोख बसते. आपल्या पुष्कळ लहान गाड्यांत त्याऐवजी दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्या इंजिनांत शिरलेली हवा मोजली जाते, म्हणून ट्रिम फारशी बिघडत नाही, पण आयडलिंगचे आरपीएम चढलेले राहते. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे लाइव्ह डेटात कोणती ओळ दिसते त्यावरून कळते.

सीएनजी गाडी असेल तर एक पाऊल आधी घ्या. काही दिवस केवळ पेट्रोलवर चालवा आणि ट्रिम बघा. पेट्रोलवर सगळे सुरळीत आणि गॅसवरच गडबड, तर इंजिनाला दोष देऊ नका, किटचे ट्यूनिंग करून घ्या. बाहेरून बसवलेल्या किटचा स्वतःचा वेगळा कॉम्प्युटर असतो आणि तो आपल्या या यंत्राला दिसत नाही.

मिसिंग: पैसे न खर्चता होणारी चाचणी

पी०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही असे मिसिंग. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असे पुढे.

समजा पी०३०१ आला आणि तुमच्या इंजिनात प्रत्येक स्पार्क प्लगवर ठिणगीसाठी वीज पुरवणारी स्वतंत्र कॉइल आहे. इग्निशन बंद करून, इंजिन थंड असताना पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. फोटो काढून ठेवलेल्या कोडची नोंद आपल्याकडे आहेच, तेव्हा तो पुसा आणि गाडी थोडा वेळ जपून चालवा. दिवा लुकलुकला तर लगेच थांबायचे. आता पी०३०२ आला, तर बिघाड कॉइलबरोबर सरकला: कॉइल बदला. पुन्हा पी०३०१ च आला तर हाच प्रयोग स्पार्क प्लगचा करा. तरीही जागचा हलला नाही, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि तिथून पुढे काम मेकॅनिकचे. सीएनजीला ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून म्हाताऱ्या प्लगची तक्रार गॅसवर आधी येते.

पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टरची क्षमता कमी, हा कोड आला की कन्व्हर्टरचे कोटेशन मिळते. घाई करू नका. सायलेन्सरच्या जोडांत गळती नाही ना, मिसिंगचा कोड सोबत नाही ना, हे आधी मिटवा. मग लाइव्ह डेटात सेन्सर २ बघा: जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये गरम इंजिनावर तो ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहत असेल तर कन्व्हर्टर काम करतो आहे. तोही सेन्सर १ सारखा ०.१ ते ०.९ च्या मध्ये सपासप हलत असेल, तरच कन्व्हर्टरवर संशय घ्या.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी

पी२४६३ म्हणजे डीपीएफ या काजळी अडवणाऱ्या जाळीत काजळी साठली. रोज चार-पाच किलोमीटर शहरात फिरणाऱ्या गाड्यांना हा त्रास होतो, कारण काजळी जाळण्याइतका सायलेन्सर कधी तापतच नाही. कोड पुसून काजळी जात नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने हायवेवर एकसारख्या वेगात गाडी चालवावी लागते आणि जाळण्याची क्रिया सुरू झाली की मध्येच इंजिन बंद करायचे नसते. वारंवार अर्धवट राहिली तर जास्तीचे डिझेल ऑइलमध्ये उतरते, म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते का ते बघत जा. डीपीएफचा दिवा लुकलुकत असेल किंवा सोबत दुसरे दिवे लागले असतील तर सर्व्हिस सेंटरच.

एकदम दहा कोड आले तर

बॅटरी. यू ने सुरू होणारे कोड, ब्रेकचे, स्टिअरिंगचे, सगळेच एकत्र दिसले की आधी बॅटरीची टोके साफ करून घट्ट करा आणि स्टार्ट मारताना व्होल्टेज किती खाली जाते ते बघा. साडेनऊच्या खाली गेले तर कॉम्प्युटर बरळायला लागतात. बॅटरी ठीक करून मगच उरलेल्या कोडकडे वळा.

स्वस्त यंत्राला एबीएस, एअरबॅग, इमोबिलायझर किंवा एएमटी गिअरबॉक्सचे कोड बहुधा दिसतच नाहीत. ॲपमध्ये 'कोड नाहीत' असे आले आणि डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागलेला असेल, तर गॅरेजमधला मोठा स्कॅनर लागेल. ॲपमध्ये 'कोडिंग' किंवा 'ॲडॅप्टेशन' नावाचे पर्याय असतील तर ते उघडू नका. वाचण्याने गाडीचे काही बिघडत नाही, लिहिण्याने बिघडू शकते.

गाडी वॉरंटीत असेल तर स्क्रीनशॉट घेऊन सरळ सर्व्हिस सेंटरला जा. बाहेरच्या गॅरेजमध्ये जाताना तीन गोष्टी सोबत न्या: कोड, फ्रीझ फ्रेम, आणि दिवा लागला तेव्हा गाडी काय करत होती हे तुमच्या शब्दांत. पार्ट बदलायचा ठरला तर कोणत्या आकड्यावरून ठरवले ते विचारा आणि जुना पार्ट परत मागा. चांगल्या मेकॅनिकला असा गिऱ्हाईक आवडतो, त्याचा तपासाचा वेळ वाचतो.

कोड पुसणे, अगदी शेवटी

दुरुस्ती झाली की किल्ली ऑन, इंजिन बंद, आणि 'क्लिअर कोड्स'. कोडबरोबर फ्यूएल ट्रिमची शिकलेली दुरुस्तीही बऱ्याच गाड्यांत शून्यावर येते, म्हणून पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडे वेडेवाकडे वाटू शकते. पुसले नाही तरी चालते: सलग तीन फेऱ्यांत बिघाड दिसला नाही की दिवा आपोआप विझतो आणि सुमारे ४० वेळा इंजिन गरम झाल्यावर कोडही जातो.

पुसल्यावर 'रेडिनेस' किंवा 'मॉनिटर्स' या भागात बऱ्याच तपासण्या 'अपूर्ण' दिसतील. गाडीने ज्या चाचण्या स्वतः घ्यायच्या, त्या पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सुरुवात केली आहे. थंड स्टार्ट, थोडे आयडलिंग, शहरातली रहदारी, मग हायवेवर एकसारखा वेग, अशा मिश्र वापरात त्या काही दिवसांत पूर्ण होतात. सगळ्या पूर्ण झाल्या आणि पेंडिंगमध्येही काही आले नाही, तर दुरुस्ती खरी झाली.

जुनी गाडी घेताना हेच यंत्र

सेकंडहँड गाडी बघायला जाताना यंत्र खिशात टाका. किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागून इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर कोणीतरी बल्ब काढला आहे किंवा झाकला आहे. मग कोड वाचा. एकही नसेल तर रेडिनेस बघा. निम्म्या तपासण्या अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. लाइव्ह डेटात आणखी दोन ओळी शोधा: 'कोड पुसल्यापासून कापलेले अंतर' आणि 'दिवा लागल्यापासून कापलेले अंतर'. पहिलीत १२ किलोमीटर दिसत असतील आणि मालक "दोन वर्षांत काही कामच निघाले नाही" म्हणत असेल, तर टोकन देऊ नका. गाडी चार दिवस नेहमीसारखी चालवायला सांगा, पाचव्या दिवशी पुन्हा यंत्र लावा, आणि तेव्हा जे दिसेल त्यावर भाव ठरवा.